फळ्यावर बारा जुलै

फ्रिजशेजारचा फळा आणला होता दुधाच्या हिशेबाला.
दुधाचं राहिलं बाजूला,
हेरंब त्यावर रोज लिहितो, दात घासायच्याही आधी,
की आज दिवस कुणाचा.

चिमण्यांचा असतो, डावखुऱ्यांचा असतो,
झोपेचासुद्धा असतो (तो शाल्मलीनं
कॉलेज बुडवून यथासांग पाळला).
जागतिक शौचालय दिनी
हेरंब आतून बाहेरच येईना, तेव्हा मी विचारलं,
"व्याख्यान आहे का?"
आतून उत्तर आलं, "समारोप चाललाय."

लग्नाच्या वाढदिवसाला मात्र फळा कोरा होता.
"अगं, इतिहासात काही विशेष घडलेलं सापडलं नाही,"
म्हणाला, आणि मग आठवडाभर
स्वतःचा डबा स्वतः भरत होता.

या सगळ्यात कुमुदआत्या म्हणजे पंच.
वय एकाहत्तर, कानाला यंत्र,
नको ते ऐकू आलं की बॅटरी संपते.
"जागतिक चहा दिन," हेरंब वाचतो.
"मग काल काय प्यायलो आपण, काढा?"
गोखलेनगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
आत्याच्या निकालावर अपील नाही.

तर परवा, बारा जुलै.
हेरंबनं खडू ओला करून, ठसठशीत अक्षरात:
कागदी पिशवी दिन.
त्याखाली: साधेपणा दिन.
"वा," मी म्हटलं, "साधेपणानं पिशवी घे
आणि मंडईतून भाजी आण."
"साधेपणात मंडई बसत नाही, पार्किंग मिळत नाही."
"मग चालत जा ना," शाल्मली म्हणाली,
"चालण्याचा दिवस कधी असतो बाबा?"
"त्या दिवशी मी गावाला असतो."

आत्या हसली नाही.
बॅटरी संपली असेल, असं वाटलं आम्हाला.
ती उठली, फळ्यापाशी गेली, चष्मा कपाळावर सरकवला
आणि बोटानंच, खडूही न घेता,
'पिशवी'वरून एक आडवी रेघ ओढली.
"पाणी इथवर होतं," म्हणाली.

"पानशेत," हेरंब पुटपुटला. इतकी वर्षं
जगभरचे दिवस शोधताना
हा त्यानं कधी फळ्यावर घेतला नव्हता.
घरातलाच होता, म्हणून असेल.

"नारायण पेठेत अण्णांचं बाइंडिंगचं दुकान.
चोपड्या, वह्या, कुणाकुणाच्या पोथ्या शिवायला आलेल्या,
सगळ्याचा लगदा. मी आठ वर्षांची.
जी पानं सुटी झाली ती दोरीवर वाळत घातली, परकरांशेजारी.
मग शाळेच्या वर्गात, जिथं आम्हाला ठेवलं होतं,
आई खळ शिजवायची आणि आम्ही पिशव्या चिकटवायचो.
शेकड्याला तीन आणे द्यायचा वाणी.
कुणाची उधारी, कुणाची कुंडली,
सगळ्यात साखर भरून गेली."

कुणी काही बोललं नाही.
कुकरची तिसरी शिट्टी झाली, गॅस कुणी बंद केला आठवत नाही.

आत्यानंच मग आजचा पेपर ओढला,
दोन घड्या, एक दुमड, बुडाला त्रिकोण.
एकसष्ट सालचे हात अजून चुकत नव्हते.
"अगं आत्या, अग्रलेख वाचायचाय मला अजून!"
"कोथिंबीर वाचेल," ती म्हणाली,
आणि जुडी आत सोडली.
तेव्हा शाल्मली पहिल्यांदा हसली,
मग आम्ही, जरा उशिरा,
जिन्यात दिवे लागतात तसे एकेक.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेरंब
फळ्यासमोर बराच वेळ उभा.
"तेरा जुलै. काहीच नाहीये गं आज."
आत्या दात लावत होती.
"नाही कसं? तेराला आम्ही चिखल काढायला घेतला.
लिही."

त्यानं लिहिलं.
१३ जुलै: चिखल काढायला घेतला.
दुपारी शाल्मलीनं त्याखाली, तिरक्या अक्षरात:
दूध, एक लिटर. मागची बाकी चौऱ्याऐंशी.