मे महिन्यात स्वेटर

अर्जुनीच्या बाजारात स्वेटर मागितला
तर दुकानदारानं आधी माझ्याकडं पाहिलं, मग पंख्याकडं.
"तब्येत बरी हाय ना, मॅडम?"
पारा सेहेचाळीसवर. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

मग धनपालच्या गाडीवर मागं बसून
गोठणगावच्या कॅम्पात गेले.
पेमानं ट्रंक उघडली,
डांबरगोळ्यांचा वास नाकात शिरला,
आणि तिच्या ओसरीवर, कूलरसमोर उभी राहून
मी एकामागून एक तीन स्वेटर घालून पाहिले.
घाम कोपरांपर्यंत ओघळत होता.
विचारलं, डोंगरात थंडी कशी असते गं?
ती म्हणाली, "मले काय मालूम?
मी तं इथंच जन्मली. बर्फ मी फ्रीजमंधीच पाह्यला.
तू जाशीन तं फोटो धाडजो."

गावात बातमी माझ्याआधी पोचली होती.
पारबताबाई हापशीवर गुंड ठेवून म्हणाली,
"भूतान? भुताईचा देश हाय का वो तो?
अन् मास्तरीनच पायजे त्याइले?"
मी म्हटलं, भुतांनाही भौतिकशास्त्र लागतं, काकी.
ती हसली नाही.
तिला गंभीर गोष्टी गंभीरपणेच कळतात.

अकरा वर्षं तासिकेवर शिकवलं.
तास झाला तर पैसे,
सुट्टी लागली की उन्हाळा माझ्याच खर्चानं.
बर्फ पाण्यावर का तरंगतो, हे दाखवायला
मासळीवाल्या कवडूकडून बर्फ आणायचे डब्यात.
वर्गभर बोंबलाचा वास.
पोरं नाक दाबून घनतेची व्याख्या म्हणायची.
आता जिथं तो फुकट पडतो तिथं चालले,
करार दोन वर्षांचा.

पासपोर्ट लागत नाही म्हणतात,
मतदार ओळखपत्र चालतं.
माझ्या ओळखपत्रावर मी 'संगमित्र', लिंग पुरुष.
तीन निवडणुका अशीच बोटाला शाई लावून आले,
कुणी काही म्हटलं नाही.
तहसीलमधला बाबू म्हणाला, दुरुस्तीला वेळ लागतो.
सीमेवरच्या त्या रंगीत दरवाज्यात
कुणी विचारलंच तर काय सांगू,
याचा धनपाल रोज रात्री नवा जबाब तयार करतो
आणि स्वतःच हसत सुटतो.
बुधवारी नाही हसला.

बॅगेत जवसाची चटणी, भरल्या मिरच्या,
मोहाची फुलं एक पाव (कशाला ते मलाही माहीत नाही),
बाबासाहेबांचा छोटा फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून,
आणि रंग उडालेली फूटपट्टी.
गोंदियाहून हावडा, हावड्याहून सियालदा,
तिथून हासीमारा, मग जीप.
धनपालनं हे सगळं ट्यूबच्या खोक्याच्या पाठीवर
कार्बन लागलेल्या बोटांनी लिहून दिलं.
हासीमाराखाली दोन रेघा.

मैत्री दिवाळीनंतर येईल,
असं आम्ही तिला सांगितलं.
एकमेकांनाही तेच सांगितलं.
तिनं फक्त विचारलं, तिकडं बेडूक असतात का.
बोडीत पाणी आलं की ती बेडूक मोजते,
गेल्या वर्षी दोनशे अकरावर झोपली.

त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढं.
हे कळलं त्या संध्याकाळीच धनपालनं
पंक्चरच्या दुकानातलं घड्याळ पुढं केलं.
मी जाणार आहे अजून सतरा दिवसांनी.
तोवर गिऱ्हाईकं घाबरतात,
बस गेली समजून पळत सुटतात,
नववीतली माझीच एक पोरगी काल
धापा टाकत थांब्यावर पोचली
आणि रिकाम्या रस्त्याकडं बघत उभी राहिली.
"काटा खराब झाला का, भाऊ?" लोक विचारतात.
तो म्हणतो, नाही, बरोबर आहे,
आणि चाक पाण्यात बुडवून
बुडबुडा कुठून येतो ते शोधत बसतो.