जिवाणी

जिनगोंडा मगदूम मळ्यातल्या विहिरीत सापडला
सोमवारी, दिवस उगवायच्या सुमारास.
चपला काठावर, शेजारी शेजारी, सरळ,
बस्तीबाहेर काढून ठेवतात तशा.
घसरणारा माणूस चपला लावून ठेवत नाही,
असं मनात म्हणालो
आणि साहेबांनी सांगितलं ते कन्नडमध्ये लिहिलं:
कालु जारि.
पाय घसरून.

दूधगंगेकाठच्या या गावात
आठ वर्षांत मी तीनदाच आलोय.
इथली भांडणं पंचांपुढं बस्तीच्या ओट्यावर मिटतात.
पोलिसाला चहा मिळतो. माहिती मिळत नाही.
दिवस मावळायच्या आत चुली विझतात,
वाटेत मुंग्यांची रांग आली तर
बैलगाडी थांबते, म्हणे.
अशा गावात कुणी कुणाला ढकललं
हे वाक्यच धड उभं राहत नाही.

तरी विचारत फिरलो.
भाऊ आदगोंडा म्हणाला, लाईट रात्रीची,
मी पलीकडच्या तळाला ऊस भिजवत होतो.
उपाध्ये म्हणाले, ज्याचं कर्म त्याला.
पोरं पळाली.
बायको चंपव्वा, पदर जरासुद्धा न हलवता:
"मळ्याकडं मी शुक्कुरवारपासनं गेलेच न्हाई बघा."

मला प्यायला पाणी दिलं तिनं.
परसातल्या आडाचं, दुहेरी फडक्यातून गाळून.
मग फडकं उलटं धरून
गाळलेल्याच पाण्यानं धुतलं, थेंब थेंब, एका लोटीत,
आणि लोटी घेऊन आडाकडं निघाली.
"हे काय?"
"जिवाणी. डोळ्याला दिसत न्हाई असलं असतंय की त्यात.
जिथलं तिथं सोडायचं.
दुसऱ्या पाण्यात मरतंय."

कोनाड्यात आणखी एक लोटी होती,
तोंडाला फडकं बांधलेली.
ती मी पाहिली. विचारलं नाही.

विहीर गुरुवारी उपसायची ठरली.
बुधवारी पहाटे मी बांधावर, शेवरीमागं,
विडी पेटवायची की नाही या विचारात.
आमची माणसं दोन दिवसांनी काठावरून हलली होती.
ती आली. पदराखाली लोटी, कोनाड्यातली.
बुडाला कडी, कडीला दोर.
पाण्याला टेकल्यावरच कलंडावी म्हणून ती कडी.
उंचावरून पडलं तर त्यांना लागतं.

म्हणजे रविवारी रात्री
या विहिरीचं पाणी कुणीतरी शेंदून गाळलं होतं,
आणि जिवाणी परत सोडायच्या आत
विहिरीत दुसरंच काही पडलं होतं.
पण दिवस मावळल्यावर इथं कुणी पाणी पीत नाही.
मग गाळलं कुणासाठी?
पलीकडच्या तळावर रात्रभर मोटर चालू होती.
तिथवर हाक पोचते का, मी मोजून पाहिलं नाही.

दोर हळूहळू सोडत होती,
तान्ह्याला पाळण्यात ठेवावं तशी.
चपला काढून ठेवल्या होत्या काठावर.
शेजारी शेजारी. सरळ.

मी खोकलो असेन.
ती दचकली नाही. दोर गुंडाळला,
लोटी उपडी करून झटकली.
"तीन राती झाल्या," म्हणाली.
"जगली असतील का हो, हवालदार?"

वहीचं पान उघडं होतं.
जिवाणीला कन्नडमध्ये काय म्हणतात
हे साहेब विचारतील.
मला माहीत नाही.