सौदा

शिरोड्याच्या देवळात, पालखीच्या रात्री दीडला,
पुरुषोत्तमबुवांनी बागेश्री मध्येच थांबवला
आणि हात मांडीवर ठेवले.
माझ्या पेटीचा एक सूर उगाच पुढे गेला,
एकटाच.

पहिल्या रांगेत सरंग्याचा भाव चालला होता.
‘सौदा होऊ दे,’ बुवा म्हणाले, ‘आम्ही थांबतो.’

मागून कोणीतरी ओरडलं,
‘सौदो झालो बुवा, किलो हजाराक! म्हणा आता!’
मंडप हसला. बुवा नाही.
मग सगळे इतके गप्प, की
खाडीतल्या होड्यांचे दोर करकरताना ऐकू आले.

बुवा गायले. सगळं जागच्या जागी,
आणि काही म्हणजे काही लागलं नाही.
ऐकत नव्हतं कोणी,
धाकात बसले होते, शाळा तपासायला साहेब आल्यासारखे.
दाजी परुळेकरांनी तबल्यावरून माझ्याकडे पाहिलं.
मी भाता ओढत राहिलो.

पाऊण तासाने मागे शेंगा फुटू लागल्या,
चहाचा पोरगा कपबश्या खणखणवत रांगेत शिरला.
बुवांच्या कपाळावरची शीर फुगली
(तीस वर्षं ओळखतो मी तिला)
आणि त्या रागातच
कोमल गंधार असा आला,
की भाता दाबायचा राहूनच गेला.

पुढच्या रांगेत कोणीतरी विचारत होतं,
‘आणि पापलेट?’