कातरण

मंगलदास मार्केटातून मीच आणलं होतं ते कापड,
अर्धा मीटर पांढरं मलमल,
त्यातही अकरा रुपये कमी करून.
दुकानदार म्हणाला, एवढंसं कशाला बाई,
बाळाला की मयताला?
मी म्हटलं, दोघांच्या मधल्यांना.

कोळेकल्याणच्या आमच्या देवळात
संताच्या हाडाची कणी आली होती, सात दिवसांसाठी.
तांदळाची असते तेवढीच कणी,
काचेआड, चांदीच्या किरणांत,
मागे लाल लाखेची मोहर.
फादर लुदोविकनी कापडाची घडी
त्या काचेला टेकवली, डोळे मिटले,
मग माझ्या हातात देऊन म्हणाले,
ब्रिजिदबाय, आता याचे बाराशे तुकडे.

नखाएवढे. नागमोडी कात्रीने,
म्हणजे दशा सुटणार नाहीत.
एकेका चित्रावर एकेक डकवायचा.

रात्री मशीनपाशी बसून मी हिशेब मांडला:
हाड काचेआड, काचेला लागलं कापड,
कापडाचाही वरचाच पदर.
मग आतल्या सात पदरांना काय लागलं?
फादरना विचारलं नाही.
कुणाच्या वाट्याला वरचा आला, कुणाच्या आतला,
मला तरी कुठे सांगता येणार होतं.
त्या पाच भाकरींचंही असंच झालं असेल.
पाच हजारांतल्या शेवटच्या माणसाने
हातातला घास उलटून पाहिला नसेल,
हा त्या पाचांतलाच का म्हणून.

तुकडे गेले.
ओस्तिनच्या रिक्षात, मीटरच्या वर.
कुणाच्या कंपासपेटीत, कर्कटकाखाली.
कुवेतला, पासपोर्टच्या प्लास्टिकात.
मार्सेलीन वर्षभराने तिचं चित्र घेऊन आली,
तुकडा सुटत आलेला, काळा, तेलकट,
आणि संताला नाक नाही, डोळा नाही,
ओठांनी पुसून टाकलेला सगळा.
दुसरं देऊ का, मी विचारलं.
ती रागावलीच. हेच चिकटव म्हणाली.

उरलं कातरण, मूठभर.
असलं काही केरात टाकत नाहीत,
जाळावं नाहीतर पुरावं.
आमच्या गावठाणात पुरायला माती कुठली,
गटारावर लाद्या, लाद्यांवर मोटरसायकली.
जाळायला हात होईना.
म्हणून भरलं टाचण्यांच्या उशीत,
लाल साटिनच्या, टोमॅटोसारख्या गोल.
अठरा वर्षं तिच्यात सुया खुपसल्या,
नवरीच्या गाऊनच्या, पहिल्या कम्युनियनच्या फ्रॉकच्या,
म्हाताऱ्यांच्या शेवटच्या कोटाच्या,
दिवसाला शंभरदा.
संत कुरकुरला नाही.
त्याला सवय असावी.

पास्कूला झटका आला त्या रात्री
घरभर शोधलं, एक चित्र सापडेना.
बाराशे वाटले आणि स्वतःला ठेवला नाही,
शिंपिणीचा झगा उसवलेलाच असायचा.
मग देसाई हॉस्पिटलच्या वॉर्डात
पिशवीतून ती उशी काढली,
टाचण्या एकेक उपसून रुमालात बांधल्या
आणि ठेवली त्याच्या डाव्या मुठीत,
जी आता मिटत नव्हती.

नर्स म्हणाली, बॉल चांगला आहे हो,
दाबू दे त्यांना, सकाळी वीसदा, संध्याकाळी वीसदा.

तो दाबायचा, म्हणजे मी त्याची बोटं दाबायचे.
दुसऱ्या हातात माळ,
त्याचे आकडे मोजताना माझ्या नमो मरियांचा
रोज घोळ व्हायचा.

सोळाव्या दिवशी त्याने हात झटकला.
त्यानेच. मी नाही.
तळव्यावर रक्ताचा थेंब,
एक सुई राहून गेली होती आत,
कातरणात रुतून, माझ्या नजरेतून निसटून.
दुखलं, म्हणाला.
बोबडं, वाकड्या तोंडाने.
डाव्या हाताला दुखलं.

रुमालात टाचण्या होत्या,
थेंब उशीनेच पुसला.

डाग अजून आहे.
लालवर लाल, कुणाला दिसत नाही.
हल्ली सुया मी
त्याच्या आजूबाजूने टोचते.