मक्ता

डिसेंबरात इथे संध्याकाळी चालता येतं.
पाण्याच्या कडेनं मी, आणि पुढे जिरू,
दोरी ताणून, जणू तिलाच कुठे वेळेवर पोचायचंय.

जिरू माझी नाही.
समोरच्या फ्लॅटमधल्या हळब्यांची.
जूनमध्ये त्यांचा मक्ता संपला;
कुत्रीच्या विमानभाड्याचा आकडा ऐकून म्हणाले,
"चार आठवडे ठेवा, काहीतरी करतो."
तेव्हापासून ते काहीतरी करतायत.

या पुलाचं नावही मक्ता.
अबू धाबीत आले तेव्हा बसमधून पाटी वाचून हसले होते:
आख्खं शहर मक्त्यावर आलेलं,
आणि वेशीवर तसं लिहूनही ठेवलंय!

कॅफेबाहेर कुत्र्यांना बसू देतात.
पोखऱ्याची प्रबिता स्टीलच्या वाडग्यात पाणी आणते,
त्यात बर्फाचे दोन खडे, न विचारता.
माझा चहा नंतर.

शेजारी अबू खल्फान, रोजचे,
जिरूपासून दोन खुर्च्या राखून.
"मक्ता म्हणजे," ते तळहातानं हवा कापतात,
"आडवं उतरून जायची जागा.
पूल अडुसष्टचा, मी शाळेत होतो.
त्याआधी भरावाचा रस्ता.
त्याच्याही आधी ओहोटी.
आजोबा उंटाची दोरी धरून इथूनच जायचे."
आणि भरती असली तर?
"तर बसायचं."
हे त्यांनी असं सांगितलं,
की बसणं हाही एक पूलच.

पाण्यातला पहाऱ्याचा बुरूज अजून उभा आहे.
येणारेजाणारे मोजायचा, आता बगळे.

आज पाणी ओसरलं होतं.
हातातली दोरी सुटली,
जिरू खाली उतरली, पोटापर्यंत,
आणि बुरुजाकडे तोंड करून थांबली.
वर गाड्यांची घरघर.
मी हाका मारल्या, आधी माझ्या,
मग हळबेबाईंच्या आवाजात.
ढिम्म.
"बस," अबू खल्फान म्हणाले.
बसले. चहा गार झाला.
आली मग, आपली आपण,
आणि अंग झाडलं ते नेमकं
त्यांच्या पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यावर.

गझलेच्या शेवटच्या शेरालाही मक्ताच म्हणतात.
तिथे लिहिणाऱ्यानं आपलं नाव घालायचं असतं.

परतताना चाव्या करणाऱ्याकडे थांबले.
गळ्यातल्या बिल्ल्यावर हळब्यांचा बंद पडलेला नंबर.
"मागची बाजू कोरी आहे," तो म्हणाला. "काय घालू?"
माझा मक्ता मार्चपर्यंत.
कुंदा, म्हटलं.