पुठ्ठ्यावरचे नमुने

द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा उलगडून
रात्री दहाला गाडीखाली सरकवला.
चाकांच्या जागा खडूनं आखल्या,
इंजिनाकडे 'पु' लिहिलं, डिकीकडे 'मा',
कोपऱ्यात तारीख.

सकाळी तीन ठिपके. लाल.
दोन 'पु'च्या जवळ,
तिसरा जरा लांब,
भांडून वेगळी चूल मांडल्यासारखा.

आप्पा खुर्चीतून म्हणाले,
रक्त सांडतंय गं तिचं.
नाही हो आप्पा.
कॅनडा कॉर्नरच्या लॅबमध्ये मी रोज दीडशे नळ्या बघते.
रक्त वाळतं, तपकिरी होतं, खपली धरतं.
हे रात्रभर पडूनही लालच,
बोटांत घासलं तर निसटतं.
इंजिनाचं तेल काळं, रेडिएटरचं पाणी हिरवं.
हे गिअरचं.

या गाडीला डावा पाय लागत नाही
म्हणून तर ती आमच्याकडे आली.
सातपूरच्या कंपनीत प्रेसखाली आप्पांचा घोटा गेला,
भरपाईतून ही घेतली, तेव्हाच जुनी होती.
पहिल्या दिवशी एकट्यानं गंगापूर धरणापर्यंत नेली
आणि त्या रात्री जेवताना
कुणाशीच बोलले नाहीत.

आता त्र्यंबक नाक्याच्या सिग्नलला
डी वर टाकलं की ती क्षणभर गप्प राहते,
मग एकदम हिसका देते.
मागचे हॉर्न वाजवतात.
भाऊ पुण्याहून सांगतो, भंगारात दे.
त्याचं काय जातंय,
त्याचे दोन्ही पाय शाबूत आहेत.

वडाळा नाक्याला शफाकत मिस्त्रींनी
आधी पान्याला हातच लावला नाही.
इंजिन तापवलं, बंद केलं,
मिनिटभरात काठी उपसली.
खालच्या खुणेच्याही खाली.
थेंब टिश्यूवर घेतला, उन्हाकडे धरला:
काळे कण नाहीत, दुधाळ नाही.
मग नाकाशी नेला.
"जळका वास नाय ताई. वेळेत आलात."
हे वाक्य आमच्या लॅबमध्ये डॉक्टर म्हणतात,
तेही क्वचित.

"पण इंजिन आणि बॉक्सच्या मधलं सील असेल,
तर सगळं उतरवावं लागेल."
किती?
"बावीसच्या पुढं."
भिंतीवरच्या टायरांकडे बघत मी पगार मोजला,
आप्पांची पेन्शन मोजली, पुन्हा मोजली.

फैजाननं खालून सगळं रॉकेलनं धुतलं, पुसलं.
मिस्त्रींनी विचारलं, पावडर आहे का?
कसली?
"तोंडाची."
पर्समधली डबी दिली.
गाडीचं पोट पांढरं झालं,
लग्नाला निघालेल्या म्हाताऱ्या आत्याचा चेहरा.
पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन आलो,
आप्पा पुढे, मी मागे,
आणि कुणीही रेडिओ लावला नाही.

खड्ड्यात उतरून मिस्त्रींनी बॅटरी मारली.
पांढऱ्यावर एक लाल रेघ.
ते बोट ठेवत वर वर गेले:
बॉक्सच्या कडेवरून, नटावरून, पत्र्याच्या आडून,
रेडिएटरकडून येणाऱ्या रबरी नळीपर्यंत.
क्लिप गंजलेली. तिच्याखाली केसाएवढी चीर.
"गळतंय इथं, पडतंय तिथं.
वारा मागं ढकलतो. निम्मे लोक बॉक्स खोलून बसतात."

नळी, दोन क्लिपा, दीड लिटर तेल,
एकोणीसशे चाळीस.
"एवढंच?" आप्पा म्हणाले,
आणि मला वाटलं, जरासे हिरमुसलेच.
जुनी नळी त्यांनी मागून घेतली,
वाटेत वाकवून वाकवून चीर उघडत राहिले,
डावा पाय मॅटवर तसाच, निवांत.

त्या रात्री नवा पुठ्ठा. कोरा.
दुसऱ्या रात्री कोरा.
मी दोन्हींवर तारीख घातली, 'निगेटिव्ह' लिहिलं;
तोही रिपोर्ट द्यावाच लागतो.
तिसऱ्या सकाळी आप्पांनी खालूनच हाक मारली,
चप्पल न घालता धावले.
ठिपका होता. कडेला. काळा.
वाकले, बोट लावलं, वास घेतला,
आणि शेजारच्या गायधनींच्या स्कूटरकडे
मोठ्या समाधानानं बघत म्हणाले,
याला सांगायला पाहिजे.