रकाना क्रमांक अकरा

रात्रीचे सव्वाअकरा. रुवीतल्या आमच्या दोन खोल्यांत
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय
आणि मी अडकलेय अकराव्या रकान्यावर:
पालकांचे वार्षिक उत्पन्न, रुपयांत.

नाव सोपं होतं. रुमाना इस्माईल मुकादम.
जन्मस्थळ मस्कत, तेही सोपं.
कायमचा पत्ता म्हटल्यावर कर्सर थोडा वेळ लुकलुकत राहिला.
मग लिहिलं, मुक्काम पोस्ट हर्णै, तालुका दापोली,
जिथं आजवर माझे
सात मे महिने गेलेत, एकूण.
अधिवासाचा दाखला हवा, पंधरा वर्षांचा.
मी तिथली नाही हे सांगायला तलाठी आहे,
इथली नाही हे सांगायला
दर दोन वर्षांनी बदलणारं कार्ड.

तेवीस शिष्यवृत्त्या वहीत उतरवल्यात मी,
फिजिक्सच्या वहीत, मागच्या बाजूनं.
एक खलाशांच्या मुलांसाठी. पणजोबा चालत नाहीत, विचारून झालं.
एकीची तारीख परवा गेली.
एका कॉलेजनं आम्हाला आधीच श्रीमंत ठरवून टाकलंय,
अनिवासी म्हणून फी डॉलरमध्ये.
एक, ज्यांचे वडील हयात नाहीत त्यांच्यासाठी.
तिथं मी घाईनं पान उलटलं
आणि उगाच आत जाऊन बघून आले
अब्बांचा श्वास.

सकाळी विचारलं, अब्बा, पगार किती?
अठरा वर्षांत पहिल्यांदा.
ते चहात खुबूस बुडवत होते. म्हणाले, पुरतो.

पुरतो हा आकडा नाही, अब्बा.
इथं लिहिलंय, फक्त अंक भरावेत.

वादी कबीरच्या गोदामात ते कॉम्प्रेसर मोजतात,
एकही चुकू देत नाहीत.
हर्णैला जाताना तीस किलोची बॅग
हाताच्या काट्यावर तीन तीनदा तोलतात:
खजूर, अत्तर, दूध पावडर, कुणाकुणासाठी टॉर्च.
त्या बॅगेवरून गावानं काढलेला पगार
गावानंच वाढवत नेला
आणि अब्बांनी तो कधी खोडला नाही.

संध्याकाळी बिस्किटांच्या डब्यातून स्लिप निघाली.
दोनशे दहा रियाल.
गुणिले बारा, गुणिले आजचा भाव,
पाच लाख चोपन्न हजार चारशे.
अम्मी ओट्यापाशी सात डबे भरत होती,
सात एकट्या माणसांच्या रात्री.
मागं न बघता म्हणाली, हे नको धरूस,
हे कुठंच लिहिलेलं नाही.

मर्यादा किती आहे? अब्बांनी विचारलं.
सहा लाख.
मग पाच नव्व्याण्णव लिही ना.

गरिबांसाठीच्या अर्जात
जरा जास्त लिही म्हणणारा माणूस
माझ्यासमोर बनियनवर बसला होता,
आणि मला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच संपलं.

गुरुवारी टायपिंगवाल्याकडे गेलो. शाजीभाई.
पगाराचं पत्र, कंपनीचा शिक्का, कशासाठी हवंय?
बँकेच्या कर्जाला हवं असतं तेव्हा अब्बा हळू बोलतात.
या वेळी अख्ख्या दुकानाला ऐकू गेलं,
मुलीच्या शिक्षणासाठी.
शाजीभाईंनी दोनशे बैसे परत दिले.
अब्बांनी ते तिथंच ठेवले.

फाईल दोनशे केबीच्या आत हवी.
लहान करता करता
शिक्का एक निळा डाग झाला,
मुदीरची सही मुंगीसारखी,
आकडा मात्र स्वच्छ वाचता येत होता.

शेवटचा प्रश्न, या मदतीची आपल्याला गरज का आहे,
तीनशे शब्दांत.
मी दोन रात्री लिहिलं आणि पुसलं.
प्रत्येक वाक्यात अब्बा थोडे बारीक होत होते.
शेवटी लिहिलं, मला नर्सिंग शिकायचं आहे,
आणि त्यापुढं फक्त अभ्यासाचं.
एकशे बारा शब्द. तेवढेच पाठवले.

गेला? अब्बा दारात उभे.
गेला.
आता काय?
वाट बघायची. जुलैपर्यंत, कदाचित ऑगस्ट.

ते मला येतं, म्हणाले,
चोवीस वर्षांचा अनुभव आहे,
आणि काठोकाठ भरलेली बादली
न सांडता उचलून
मोरीत ओतायला गेले.